‘अन्याय झाला’ लिहू नका, गट क्रमांक लिहा

प्रश्न असा आला आहे: “आमची वसाहत सोलापूरच्या हद्दवाढ भागात आहे. सात गल्ल्या. नव्या प्रभाग रचनेत त्यातल्या तीन गल्ल्या तोडून मोठ्या रस्त्यापलीकडच्या प्रभागाला जोडल्या. आम्ही साडेतीनशे सह्यांची हरकत दिली, सुनावणीला गेलो, दोन मिनिटांत बाहेर आलो. ‘हरकत अमान्य’ एवढंच कळलं. आता निवडणूकही होऊन गेली. आमचं कुठं चुकलं? कोर्टात जाता येईल का? पुढच्या वेळी काय करायचं?”

उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा. मी नगरपालिकांच्या निवडणूक शाखेत पंचवीसेक वर्षं काढली. हद्दींचे नकाशे रंगवले, हरकतींचे गठ्ठे लावले, सुनावणीत साहेबांच्या शेजारी बसून ‘मान्य’, ‘अमान्य’, ‘अंशतः मान्य’ असे शेरे लिहिले. निवृत्तीनंतर टेबलाच्या अलीकडे आलो आणि लोकांना हरकती लिहून देऊ लागलो. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या चुका मला ठाऊक आहेत. त्यातल्या काही माझ्याच.

तुमच्या हरकतीची प्रत दोनदा वाचली. “सदर रचना राजकीय दबावाखाली, विशिष्ट उमेदवाराच्या सोयीसाठी केलेली असून आमच्यावर घोर अन्याय झाला आहे,” असं पहिल्याच परिच्छेदात आहे. दुसऱ्या परिच्छेदात वसाहतीचा तीस वर्षांचा इतिहास, तिसऱ्यात आंदोलनाचा इशारा, मग सह्या. तुमचा संशय खरा असेलही. पण समोरच्या अधिकाऱ्याच्या तक्त्यात हरकत तपासायचे रकाने ठरलेले असतात: लोकसंख्या मर्यादेत आहे का, प्रभाग सलग आहे का, हद्द नैसर्गिक आहे का, प्रगणक गट (जनगणनेसाठी पाडलेला घरांचा तुकडा) फुटला आहे का, अनुसूचित जाती-जमातींची वस्ती विभागली आहे का. तुमच्या दोन पानांत यातल्या एकाही रकान्यात भरता येईल असं वाक्य नाही. शेरा लिहिणाऱ्या कारकुनाला तुम्ही काहीच साहित्य दिलं नाही, मग त्यानं सगळ्यात सोपा शब्द लिहिला.

दुःख याचं, की साहित्य तुमच्याकडे होतं. “मोठ्या रस्त्यापलीकडे” हे शब्द तुम्ही मला लिहिलेत, हरकतीत लिहिले नाहीत. नाले, नद्या, मोठे रस्ते, रेल्वेमार्ग, उड्डाणपूल यांना धरून प्रभागाच्या सीमा आखाव्यात असं रचनेच्या आदेशातच असतं. रस्ता ओलांडून तीन गल्ल्या पलीकडे नेल्या, म्हणजे आदेशाच्या एका कलमाला बगल दिली. ते कलम नोंदवून विचारलं असतं तर “अमान्य” लिहिण्यासाठी त्यांना कारण शोधावं लागलं असतं.

आता आकड्यांकडे येऊ. इथंच नव्वद टक्के लोक कंटाळतात आणि इथंच हरकत जिंकते किंवा हरते.

२०११ च्या जनगणनेत सोलापूर महापालिका हद्दीची लोकसंख्या ९,५१,५५८. महापालिका अधिनियमाप्रमाणे ६ लाखांना ८५ सदस्य आणि त्यापुढच्या प्रत्येक २० हजारांमागे एक. वरचे साडेतीन लाख २० हजारांनी भागा, पूर्ण १७ येतात. ८५ आणि १७, म्हणून १०२ नगरसेवक. ९,५१,५५८ ला १०२ नं भागलं की एका जागेमागे साधारण ९,३२९ माणसं. चार सदस्यांच्या प्रभागाला ३७,३१६. यात दहा टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे ३३,५८४ ते ४१,०४७ च्या आत प्रभाग बसला पाहिजे. २६ प्रभाग, त्यातले २४ चार सदस्यांचे आणि दोन तीन सदस्यांचे, हे गणित २०१७ चंच पुढं आलं.

मध्ये एकदा आकडा बदलला होता. महाविकास आघाडी सरकारनं किमान सदस्यसंख्या ८५ ची ९६ केली तेव्हा सोलापूरला ११३ जागा आणि ३८ प्रभाग झाले होते, बहुतेक तीन-तीन सदस्यांचे. नकाशे लागले, हरकती झाल्या, ऑगस्ट २०२२ मध्ये नव्या सरकारनं सगळं पूर्ववत केलं. त्या वेळी मी लिहिलेल्या हरकतींची फाइल अजून कपाटात आहे. रद्दीवाल्याला द्यायचा धीर होत नाही.

तर तुमच्या तीन गल्ल्या. समजा त्या २०११ च्या तीन प्रगणक गटांत येतात आणि त्यांची लोकसंख्या २,१०० आहे. आकडे समजण्यापुरते घेतोय. पलीकडच्या प्रभागाची लोकसंख्या ४०,२०० आणि तुमच्या मूळ प्रभागाची ३४,३०० असेल, तर गल्ल्या परत आणल्यावर पलीकडे ३८,१०० राहतात आणि अलीकडे ३६,४०० होतात. दोन्ही मर्यादेत, उलट सरासरीच्या जास्त जवळ. अशी हरकत नाकारायला जड जाते. पण पलीकडचा प्रभागच मुळात ३४,१०० चा असेल तर २,१०० काढल्यावर ३२,००० उरतात, म्हणजे मर्यादेच्या खाली. तिथं “आम्हाला परत आणा” एवढंच म्हणून भागत नाही. पलीकडच्या प्रभागाला दुसऱ्या कडेनं किमान १,६०० माणसं कुठून द्यायची, तेही तुम्हीच सांगायचं. ती माणसं ज्या तिसऱ्या प्रभागातून निघतील तो खाली जात नाही ना, हेही तुम्हीच तपासायचं. प्रभाग रचना म्हणजे गोधडी. एक ठिगळ उसवलं की शेजारची शिवण सैल होते. सुनावणीतला अधिकारी मनात हेच धरून बसलेला असतो: यांचं ऐकलं तर आणखी किती नकाशे बदलावे लागतील? ते काम तुम्ही आधीच करून नेलंत तर त्याचा चेहरा बदलतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

प्रगणक गट म्हणजे जनगणनेच्या वेळी एका प्रगणकाला दिलेला तुकडा. साधारण सव्वाशे-दीडशे घरं, सहाशे ते आठशे माणसं. प्रभागाची वीट हीच. शक्यतो ती फोडायची नाही असा नियम असल्यानं “आमच्या बाराव्या घरापासून पुढं” किंवा “मारुती मंदिरापासून” अशी मागणी टिकत नाही. मंदिर गटाच्या मधोमध आलं तर संपलंच. आपली गल्ली कोणत्या क्रमांकाच्या गटात येते आणि त्या गटाची २०११ ची एकूण, अनुसूचित जातींची आणि जमातींची लोकसंख्या किती, हे महापालिकेच्या निवडणूक कार्यालयात जाऊन पाहायचं. दाखवायला टाळाटाळ झाली तर माहिती अधिकारात अर्ज टाकायचा. मात्र तो प्रारूप, म्हणजे रचनेचा कच्चा आराखडा, प्रसिद्ध झाल्यावर टाकून उपयोग नाही. माहिती अधिकाराला तीस दिवस आणि हरकतीची मुदत दिवसांत मोजायची. अर्ज आज टाका, निवडणूक नसताना. तेव्हा बाबू लोकही निवांत असतात.

आता माझी एक फजिती सांगतो. शहराच्या कडेला मोठी गृहसंकुलं झालेल्या एका भागाची हरकत मी लिहिली होती. इमारतींची यादी जोडली, सदनिका मोजल्या, मेंटेनन्सच्या पावत्या, वीजबिलं, सगळं. “या भागात प्रत्यक्षात चार हजार लोक राहतात” असं ठळक अक्षरांत लिहिलं. साहेबांनी शांतपणे वाचलं आणि विचारलं, “२०११ ला इथं काय होतं?” मी गप्प. ज्वारीचं रान होतं तिथं. मालदांडी. साहेब म्हणाले, “मग माझ्या लेखी आजही ज्वारीच आहे.”

हसू नका, हा सगळ्या हद्दवाढ भागाचा प्रश्न आहे. १९९२ च्या हद्दवाढीत बाळे, केगाव, शेळगी, देगाव, सोरेगाव, कुमठे, मजरेवाडी अशी गावं शहरात आली आणि जुन्या पेठांभोवतीचं तेहतीस-चौतीस चौरस किलोमीटरचं शहर पाचपटींहून मोठं झालं. विजापूर रोड, जुळे सोलापूर, होटगी रोड या बाजूला त्यानंतर वस्ती वाढत गेली आणि २०११ नंतर तर आणखीच. पण २०२१ ची जनगणना झाली नाही, म्हणून प्रभाग आजही २०११ च्या डोक्यांवर बेतलेले. मतदार यादी मात्र आजची. कागदावर सारखे दिसणारे दोन प्रभाग मतदानाच्या दिवशी सारखे नसतात.

उलट बाजूही आहे. विडी कामगार आणि यंत्रमाग कामगार पूर्व भागातल्या भाड्याच्या खोल्यांतून कुंभारीच्या घरकुलांत गेले. गोदूताई परुळेकर वसाहतीची १० हजार घरं २००६ मध्ये दिली गेली, त्यामुळे २०११ च्या मोजणीत ती माणसं कुंभारीतच धरली गेली. रे नगरची पहिली १५ हजार घरं मात्र जानेवारी २०२४ मध्ये दिली. तिथं गेलेली कुटुंबं आज कुंभारी ग्रामपंचायतीच्या हद्दीत राहतात, दक्षिण सोलापूर तालुक्यात. मत दिलं तर जिल्हा परिषदेला द्यायचं. पण २०११ मध्ये ती शहरातल्या ज्या खोलीत मोजली गेली, तिथल्या प्रभागाचं वजन ती अजून वाढवताहेत. माणूस एकीकडे, त्याचा आकडा दुसरीकडे. याची तक्रार प्रभाग रचनेच्या सुनावणीत कितीही केली तरी ती नोंदवून घेण्यापलीकडे कुणी काही करू शकत नाही. कायद्यात “शेवटची प्रसिद्ध झालेली जनगणना” असं स्पष्ट आहे.

सुनावणीबद्दल थोडं, कारण तिथल्या दोन मिनिटांचा तुम्हाला राग आलाय. साडेतीनशे सह्यांची एक हरकत ही एकच हरकत असते. साडेतीनशे लोकांनी तोच मजकूर झेरॉक्स करून वेगवेगळा दिला तरी विषय एक म्हणून एकत्रच ऐकतात. संख्येचा परिणाम वर्तमानपत्रातल्या बातमीवर होतो, तक्त्यावर होत नाही. शंभर माणसं घेऊन गेलात तर बाहेर पोलीस उभा राहतो आणि आत घाई वाढते. तीन माणसं पाठवा. एकानं नकाशा धरायचा, एकानं बोलायचं, तिसऱ्यानं काय काय विचारलं ते लिहून घ्यायचं. बोलणाऱ्यानं पहिल्या अर्ध्या मिनिटात गट क्रमांक, लोकसंख्या आणि पर्याय सांगायचा. प्रास्ताविक नको, “माननीय महोदय” एकदाच पुरे.

एका सुनावणीत एक वयस्कर बाई उठल्या होत्या. अक्षरओळख नव्हती त्यांना. म्हणाल्या, “सायेब, रेशन दुकान हिकडं, पोरांची शाळा हिकडं, दवाखाना हिकडं, आन मत टाकायला पटरी वलांडून तिकडं? आमाला कुठं ढकललालाव ओ?” सगळे हसले. पण रेल्वेमार्ग ही नैसर्गिक सीमा आणि नागरिक वापरतात त्या शाळा-दवाखान्यांसारख्या सोयी शक्यतो त्याच प्रभागात ठेवाव्यात, या दोन्ही निकषांना बाईंनी एका वाक्यात हात घातला होता. वकिलांनी आणलेल्या सोळा पानांत हे नव्हतं. त्यांची हरकत अंशतः मान्य झाली, शेरा मीच लिहिला. तुमच्या गल्ल्यांत अशी एखादी बाई असणारच. पुढच्या वेळी तिला बोलू द्या.

कोणत्या हरकती चटकन मान्य होतात तेही सांगतो. नकाशा आणि शब्दांतलं वर्णन जुळत नसेल त्या. चतुःसीमेत लिहिलेलं असतं “नाल्यानं दक्षिणेकडे”, आणि नकाशावरची रेघ नाला सोडून गल्लीतून गेलेली असते. किंवा एखादं नगर दोन्ही प्रभागांच्या व्याप्तीत येतं, नाहीतर एकाच्याही नाही. ही चूक प्रशासनालाही नको असते, ती पुढं मतदार यादी फोडताना त्यांच्याच अंगाशी येते. म्हणून प्रारूप लागलं की पहिल्या दिवशी वर्णन हातात घेऊन पायी फिरा. मोटारसायकलवर नको, पायी. वर्णनातला प्रत्येक चौक, प्रत्येक वळण जमिनीवर आहे का बघा. अनुसूचित जातींच्या वस्तीचे दोन तुकडे झाल्याची हरकतही गांभीर्यानं घेतली जाते, कारण तशी वस्ती शक्यतो फोडू नये असं लेखी आहे आणि आरक्षण ठरवताना त्या लोकसंख्येच्या टक्केवारीचा उतरता क्रम लावतात. चार गट इकडचे तिकडे केले तर राखीव जागा कुठं पडते तेही बदलू शकतं. या खेळाकडे डोळसपणे बघा. बोलताना मात्र हेतूबद्दल बोलू नका, टक्केवारी मांडा.

क्रमांकांबद्दलही लोक भांडतात. “आमचा प्रभाग सात होता, बारा का केला?” रचना उत्तरेकडून सुरू करून ईशान्य, पूर्व, मग पश्चिमेकडे सरकत दक्षिणेत संपवायची असते, क्रमांकही तसेच पडतात. त्यात रस घेऊ नका.

दुसरा एक घोळ आहे, आणि तो तुमच्या पत्रातही दिसला. तुम्ही हरकतीच्या शेवटी लिहिलंय, “तसेच आमच्या गल्लीतील ४० नावे यादीतून गायब आहेत व प्रभाग महिलांसाठी राखीव करू नये.” या तीन वेगळ्या तक्रारी आहेत. तीन वेगळ्या वेळी आणि तीन वेगळ्या कागदांवर द्यायच्या. हद्दीची हरकत प्रारूप रचनेवर. आरक्षणाची हरकत सोडत निघाल्यावर, आणि तीही सोडतीची पद्धत चुकली असेल तरच. निम्म्या जागा महिलांच्या, १०२ पैकी ५१, यावर हरकत होऊच शकत नाही. मतदार यादीची हरकत प्रभागनिहाय प्रारूप यादी लागल्यावर. ही यादी विधानसभेची यादी फोडून बनते. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीसाठी १ जुलै २०२५ ची विधानसभा यादी धरली होती. विधानसभेच्या यादीत नावच नसेल तर महापालिकेच्या यादीत ते कुणीही घालू शकत नाही, आयुक्त नाही की राज्य निवडणूक आयोग नाही. विधानसभेच्या यादीत नाव आहे पण तुमच्या प्रभागातून सुटलंय किंवा शेजारच्या प्रभागात गेलंय, तर मात्र दुरुस्ती होते. सीमेवरच्या गल्ल्यांत हे हमखास घडतं, कारण यादी फोडणारा माणूस पत्ता वाचून फोडतो आणि आपल्याकडे पत्ता म्हणजे “अमुक शाळेच्या मागं”. तुमच्या त्या चाळीस नावांचं तसंच झालं असणार. हद्द हातातून गेली तरी ती नावं वाचवता आली असती, आणि त्याची मला जास्त हळहळ वाटते.

चार सदस्यांच्या प्रभागावरचा तुमचा राग मला मान्य आहे. सदतीस हजार लोकांमागे चार नगरसेवक म्हणजे नळाला पाणी आलं नाही तर चौघांपैकी कुणाला फोन करायचा हे कळत नाही, आणि चौघंही एकमेकांकडं बोट दाखवतात. राज्यात २००२ ला तीन सदस्यांचा प्रभाग होता, २००७ ला एकाचा, २०१२ ला दोघांचा, २०१७ ला चौघांचा, २०२२ ला तिघांचा ठरून बारगळला आणि आता पुन्हा चौघांचा. मुंबई तेवढी कायम एक सदस्यीय. मात्र हा निर्णय विधिमंडळाचा आहे. प्रभागाच्या सुनावणीत त्यावर बोललात तर तुमची दोन मिनिटं तिथंच संपतात. आमदाराकडे जा, त्यांच्या घरी जा, पण तिथं नको. आणि एक गैरसमज काढून टाका: अ, ब, क, ड ही चार जागांची अक्षरं, प्रभागाचे चार भाग नव्हेत. चौघंही पूर्ण प्रभागातून निवडून आलेत. “तुमचा भाग क मध्ये येत नाही” असं कुणी नगरसेवक म्हणाला तर त्याला हे सांगा.

कोर्टाचं विचारलंत. आता नाही, असं माझं मत. संविधानाच्या २४३ यछ (243-ZG) अनुच्छेदानं मतदारसंघ आखण्याच्या कायद्याला न्यायालयात आव्हान द्यायला मोठी आडकाठी घातली आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये उत्तर प्रदेशच्या प्रधान संघाच्या प्रकरणात पंचायतींबाबत म्हटलं होतं, की हरकतीच मागवल्या नाहीत, सुनावणीच दिली नाही, एवढ्या एका कारणापुरती दाद मागता येईल. तुम्हाला सुनावणी मिळाली. दोन मिनिटांची असली तरी मिळाली. जुलै २०२४ मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात न्यायालयानं दार थोडं किलकिलं केलं: परिसीमनाचा, म्हणजे मतदारसंघांच्या हद्दी आखण्याचा, आदेश उघडउघड मनमानी आणि संविधानाच्या मूल्यांना सोडून असेल तर न्यायालय तपासू शकतं. पण तीन गल्ल्या रस्त्यापलीकडे गेल्या हे त्या मापात बसणं कठीण. शिवाय मार्च २०२२ पासून इथं प्रशासक होता, निवडणुका लांबल्या म्हणून सर्वोच्च न्यायालयच घाई करत होतं आणि ३१ जानेवारी २०२६ ची अखेरची मुदत त्यांनीच दिली होती. ऐन गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत, १५ जानेवारीला मतदान झालं ते त्यामुळंच. अशा वेळी एका वसाहतीसाठी कुणी घड्याळ थांबवत नाही. वकिलाच्या फीचे पैसे वसाहतीचा नकाशा करून घेण्यात घाला.

लोकसभा-विधानसभेचं परिसीमन हा वेगळा दरबार आहे, पण सोलापूरकरांना तो चांगला आठवतो. न्यायमूर्ती कुलदीप सिंग आयोगाच्या रचनेत २००१ ची जनगणना धरली आणि २००९ च्या निवडणुकीत जिल्ह्याचा नकाशाच वेगळा होता. अनुसूचित जातींसाठी राखीव असलेला पंढरपूर लोकसभा मतदारसंघ गेला, माढा नवा आला, आणि सोलापूर राखीव झाला. माढ्यातून शरद पवार उभे राहून निवडून आले, राखीव सोलापुरातून सुशीलकुमार शिंदे. मंगळवेढा विधानसभा संपून पंढरपुरात मिसळली. मंगळवेढ्याचे लोक अजून म्हणतात, आमचा आमदार पंढरपूरचा. बार्शीचा जिल्हा सोलापूर, पण लोकसभेला ती धाराशिवमध्ये. शहराच्या दोन जागांची मांडणी बदलून शहर मध्य आला. त्या आयोगाचे प्रस्ताव राजपत्रात आले होते, हरकती-सूचना मागवल्या होत्या, जाहीर बैठकाही झाल्या. अंतिम आदेशाला मात्र कायद्याचं बळ असतं. तक्रारी आज सतरा वर्षांनंतरही चहाच्या टपरीवर ऐकू येतात. राजपत्राच्या मुदतीत त्यातल्या किती पोचल्या असतील याबद्दल मला शंका आहे. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेवर ही फेररचना पुन्हा उघडायची तरतूद आहे, तेव्हा तुमच्या वसाहतीचा प्रश्न महापालिकेपुरताच राहणार नाही.

म्हणून आता काय करायचं ते सांगतो. पुढची जनगणना १ मार्च २०२७ च्या संदर्भानं होणार आहे, त्याआधी घरयादीचं काम. त्यासाठी प्रशासकीय हद्दी ३१ डिसेंबर २०२५ नंतर गोठवल्या आहेत, पण हद्दीच्या आतले प्रगणक गट नव्यानं पडणार. प्रगणक येऊन नजरी नकाशा काढतो, घरांना क्रमांक देतो. बहुतेक वेळा ते शाळेतले गुरुजी किंवा बाई असतात, उन्हातान्हात फिरतात. तुमच्या सात गल्ल्यांच्या मधोमध गटाची रेघ पडली, की पुढची दहा-पंधरा वर्षं प्रत्येक प्रभाग रचनेत तिथूनच कात्री लागण्याची शक्यता. ती रेघ मोठ्या रस्त्यावर पडली तर वसाहत एका बाजूला राहते. प्रगणकाला गटाची हद्द वरून ठरवून दिलेली असते, त्याच्याशी भांडू नका. त्याआधी महापालिकेच्या विभागीय कार्यालयात जाऊन लेखी विनंती द्या: आमच्या वसाहतीची हद्द अमुक रस्ता, अमुक नाला, अमुक भिंत अशी आहे, गट पाडताना ती धरावी. सोबत एक साधा नकाशा. बंधनकारक काही नाही, पण मोठ्या रस्त्यावर रेघ मारणं त्यांनाही सोयीचं असतं, फक्त तो रस्ता कुणीतरी दाखवावा लागतो. गल्ल्यांना नावं नसतील तर नावाच्या पाट्या लावून घ्या. आणि मोजणीच्या दिवसांत कुलूप असलेली घरं शोधा. भाडेकरूंना सांगा की नाव दिलं म्हणून घरपट्टी वाढत नाही. आमच्याकडे दर वेळी ही अफवा उठते आणि दर वेळी पन्नासेक माणसं कमी मोजली जातात.

तुमच्या रस्त्यापलीकडच्या प्रभागातल्या लोकांशी बोललात का कधी? त्यांनाही तुमच्या तीन गल्ल्या नको असतील. त्यांची स्वतंत्र हरकत, तोच गट क्रमांक आणि तोच पर्याय देऊन, तुमच्या हरकतीच्या शेजारी पडली तर दोन्ही बाजूंनी एकच मागणी येते. असं मी नोकरीत दोनदाच पाहिलं आणि दोन्ही वेळा रेघ सरकली. हरकत देताना आवक क्रमांकाचा शिक्का घेतलेली प्रत मात्र जपून ठेवा. तुम्ही मला पाठवलेल्या प्रतीवर शिक्का दिसत नाही. मूळ प्रत कुणाकडे आहे ते आधी शोधा.